मीनाबाईंची वेगळी ताटली

मीनाबाईंनी आपली ताटली, आपला पेला वेगळा ठेवला, त्याला दीड महिना झाला होता. दहा महिन्यांची नात सोनम रांगत जवळ आली, की त्या भिंतीला चिकटायच्या. "उचल गं तिला, अक्षता. माझ्याकडं नगं."

अक्षता लेकीला उचलायची आणि आतल्या आत तुटायची. आईजवळ राहायचं म्हणून ती कोडोलीहून उचगावला माहेरी आली होती, आणि आईच लांब पळत होती.

एका शब्दानं घोटाळा केला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मीनाबाईंना झालेला गर्भाशयाच्या तोंडाचा हा कॅन्सर विषाणूमुळं होतो. नवरा-बायकोच्या संबंधातून तो येतो. बहुतेक बायकांच्या अंगातून आपसूक जातो, एखादीच्या मात्र ठाण मांडून बसतो. पेशींना आवर घालणारे पहारेकरीच तो निकामी करतो, मग त्या वाढतच सुटतात. पंधरा-वीस वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. मीनाबाईंनी एवढ्यातलं 'विषाणू' तेवढं धरलं. विषाणू म्हणजे लागट.

"तुझी सासू जातीवरनं वेगळ्या ठेवलेल्या कपातला चहा न पिता तशीच उठून आली होती म्हणून सांगत होतीस ना?" अक्षता एकदा चिडून बोलली. "मग आता आपल्याच घरात ही ताटली कुणी मांडली?"

"ते मानसांनी केलतं, बाई. ह्यो रोग हाय."

तीन वर्षांपूर्वी गावातल्या बुद्धविहारात याच कॅन्सरचं तपासणी शिबिर झालं होतं. घरोघर फिरून बायका गोळा केल्या मीनाबाईंनीच. स्वतःचा नंबर आला तेव्हा जावेला, बाळाबाईला पुढं ढकलून म्हणाल्या, "माझं दुकान कवाच बंद झालंय की! जा तू. मी पोरं सांभाळत बसतो." बाळाबाईला गर्भाशयाच्या तोंडावर डाग निघाला, तिथल्या तिथं उपचार झाला, ती बरी झाली. पाळी गेलेल्या बाईलाही तपासावं लागतं, हे मीनाबाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. आता बाळाबाई भाकरी घेऊन यायची, ती उंबऱ्यातच ठेवायची आणि अपराध्यासारखी मान खाली घालून निघून जायची.

त्या दिवशी कोल्हापूरच्या दवाखान्यात मीनाबाईंचा किरणांचा शेक झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी अक्षताला बाजूला घेतलं. आजार पसरला होता. दिवाळी दिसली तर दिसली. मग म्हणाल्या, "तुम्ही तिशी ओलांडलीय. आलाच आहात तर तुमचीही तपासणी करून टाकू."

बाकावर येऊन अक्षतानं सोनमला आईपुढं धरलं. "घे हिला, मलाही आत तपासायला बोलावलंय."

"नगं गं! पोरीला लागंल."

"मांडीवर घेतल्यानं लागत नाही, आई. दहांदा सांगितलंय त्यांनी."

"त्यास्नी काय जातंय सांगायला?"

"मग ऱ्हाऊ दे. मी पण तपासून घेत न्हाय. चल घरी."

मीनाबाईंनी दोन्ही हात पदराला पुसले. परत पुसले. पदराचं टोक स्वतःच्याच तोंडावर बांधलं आणि हात पुढं केले.

अक्षता बाहेर आली तेव्हा सोनम आजीच्या खांद्यावर झोपली होती. तिच्या मुठीत पदर होता, ओढून ओढून तोंडावरनं खाली आलेला.

"डाग हाय?" मीनाबाईंनी विचारलं.

"न्हाय. काही न्हाय."

मीनाबाईंनी डोळे मिटले. अक्षता लेकीला घ्यायला वाकली, तशी त्यांनी मिठी घट्ट केली.

"एस.टी. जाईल की, आई."

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "आत्ताच झोपलीया. बसू या की जरा."