मालकाची सही

वडगाव रासाईत दुसऱ्याच्या पोटाची काळजी साळूबाईइतकी कुणीच करत नसे. कुणाला दिवस गेले, कुणाची चाल जड झाली, हे तिला त्या बाईच्या सासूच्या आधी कळायचं. त्यामुळं दोन हजार एक सालच्या थंडीत, ऐन ऊसतोडीत, सून तेजश्रीला सातवा महिना असतानाच घरात राबणाऱ्या वच्छलाबाईलाही दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा साळूबाईला आभाळ ठेंगणं झालं.

"नातू आन् नातवाचा गडी, दोघं एकाच सालात!" येईल-जाईल त्याला ती सांगत सुटली.

वच्छला म्हणजे म्हाळूची बायको, आणि म्हाळू हा साळूबाईच्या नवऱ्याचा, हौसरावांचा सालगडी. म्हाळूचा बापही इथंच सालगडी होता. बापाची आजी या घरात आली ती हौसरावांच्या आजीच्या लग्नात आंदण म्हणून. दोन गाई, तांब्याचा हंडा आणि बारा वर्षांची एक पोर. हंडा मोडीत गेला, गाईंचा वंश आटला. पोरीचा वंश मात्र गोठ्याशेजारच्या दोन खोल्यांत अजून नांदत होता, आणि गाव त्यांना 'आंदणातले' म्हणत होतं. साळूबाईला त्यात वावगं काही दिसत नसे. "आमच्या घरचीच माणसं," असं ती कौतुकानं म्हणायची. घरच्या माणसांचे कप गोठ्याच्या वळचणीला का, हे तिला अजून कुणी विचारलं नव्हतं.

एका दुपारी लसूण सोलता सोलता वच्छला म्हणाली, "वैनी, बुधवारी मी येनार न्हाई. शिरूरला सरकारी दवाखान्यात चाललेय. पोट पाडायचंय."

साळूबाईच्या हातातली पाकळी तशीच राहिली. "आगं, पाप हाय ते! आन् कुणाला इचारलंस?"

"म्हाळूला सांगितलंय."

"आन् मालकास्नी?"

वच्छलानं मान वर केली. "पोट माझं हाय, वैनी."

हे साळूबाईला नवीनच होतं. बुधवारी सकाळी ती इरकल नेसून, कुणी बोलावलं नसताना, एस.टी.च्या थांब्यावर हजर झाली. वच्छलाबरोबर गावची सुईण सुगराबी होती. तीस वर्षांत निम्मं गाव तिच्याच हातावर जन्माला आलं होतं.

"या, या," सुगराबी हसली. "तुमाला बी दिवस गेले का काय या वयात?"

"मी हिला समजवायला आलेय."

"मग बसा खिडकीशी. वारं लागलं की डोकं शांत ऱ्हातंय."

न्हावऱ्यापर्यंत साळूबाईनं समजावलं. पोटातल्या गोळ्यालाही जीव असतो, देवानं दिलेलं देवानंच न्यावं, पोरगं काही जड होणार नाही, नातवासंगं वाढेल, त्याच्या मागं-पुढं राहील. वच्छला खिडकीबाहेर बघत ऐकत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"पोर मला नको झालंय आसं न्हाई वैनी," ती हळूच म्हणाली. "रातभर मी त्याच्याशी बोलते. पन तुमी त्याचं काम बी ठरवून टाकलं. आजून त्याला बोटं फुटली न्हाईत. आन् माझी तीन हायेत, त्यांची साळा मला सुटू द्यायची न्हाई."

"पन पाप..."

"दौंडला तुमच्या संगट मीच आले हुते, वैनी. लगीन होऊन वरीस झालं नव्हतं माझं."

थोरल्या लेकाच्या, सत्यजीतच्या पाठीवर साळूबाईला पुन्हा दिवस गेले होते. जमिनीचे तुकडे नकोत म्हणून सासू-सासऱ्यांनी दौंडचा डॉक्टर ठरवला होता. परतताना तिनं सोळा वर्षांच्या वच्छलाच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं.

"ते येगळं," ती शेवटी म्हणाली. "ते घरातल्यांनी ठरवलं हुतं."

"व्हय. तुमाला पायजे हुतं का ते?"

एकोणीस वर्षांत हे साळूबाईला कुणी विचारलं नव्हतं. तिनं स्वतःलाही नाही. शिरूरचा स्टँड येईपर्यंत ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई कागद भरत होत्या. साळूबाईला सवयीनं राहवेना. "बाई, मालकाची सही लागत आसंल की! मालक तर कारखान्यावर, पाटसला गेलेत."

"त्यांच्या नवऱ्याची सही लागत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नवरा न्हाई वो, मालक! माझे मालक!"

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून आधी वच्छलाकडं, मग साळूबाईकडं पाहिलं. "तुमच्या नवऱ्याची सही? यांच्या पोटासाठी?"

सुगराबीनं तोंडाला पदर लावला, पण खांदे हलायचे ते हललेच. साळूबाई लाजेनं लाल झाली. वच्छलानं पेन घेतलं आणि रात्रशाळेत शिकलेली पाच अक्षरं सावकाश काढली.

ती आत गेल्यावर साळूबाई बाकड्यावर वच्छलाची पिशवी मांडीवर घेऊन बसली. आत काय चाललंय ते पाप की काय, हे तिला आता धड ठरवता येईना. परतीच्या एस.टी.त वच्छला रडली. साळूबाईनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि मांडवगण येईपर्यंत तसंच धरून ठेवलं. सुगराबीनं त्या वाटेवर थट्टा केली नाही.

घरी आल्यावर साळूबाई थेट सुनेपुढं उभी राहिली. "तेजश्री, तुला हे पोर पायजे हाय का?"

"आत्या!" तेजश्री पोटावर हात ठेवून हसतच सुटली. "आता सातव्यात इचारताय? पायजे हाय, पायजे हाय!"

"न्हाई, इचारायचं ऱ्हायलं हुतं," साळूबाई पुटपुटली.

पाडव्याला सालाचं बोलणं करायला म्हाळू आलाच नाही. त्यानं कारेगावात खोली घेतली होती आणि कंपनीत पॅकिंगला लागला होता. दुपारी टेम्पो भरला. वच्छला पाया पडायला आली, तेव्हा साळूबाईनं तिला अर्ध्यातच धरलं, चुलीशेजारी बसवून घरातल्या कपात चहा दिला. दोघींनाही तो गोड लागला की नाही कुणास ठाऊक, कारण साळूबाई साखर घालायला विसरली होती.

संध्याकाळी हौसराव ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. "चार पिढ्यांची मानसं! आशी कशी गेली?"

"टेम्पोत बसून," साळूबाई म्हणाली आणि बादली घेऊन गोठ्यात गेली. वीस वर्षांनी ती धारेला बसत होती. म्हशीनं दोनदा मान वळवून कोण आलंय ते पाहिलं, शेपटी तोंडावर मारली आणि पान्हा चोरला. साळूबाई तिच्या पाठीवर थोपटत, गोडीगुलाबीनं बोलत तिथंच बसून राहिली.