करवतीची परीक्षा

शारजातलं बिऱ्हाड आवरायला घेतलं तेव्हा हमीदच्या फ्लॅटमध्ये सगळं सुरळीत भरलं जात होतं. घोडं अडलं ते एका वस्तूवर. पेट्रोलवर चालणारी छोटी, जुनी चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत. शारजाजवळच्या धैद गावातल्या ज्या रोपांच्या नर्सरीत हमीदने उमर काढली, तिथल्या अरब मालकाने ती कधीच भंगारात टाकली होती. हमीदने मागून घेतली आणि नांदवली. नारिंगी रंग उडून ती आता शिजलेल्या कोळंबीसारखी दिसायची.

रत्नागिरीकडच्या गावात त्याची थोडी हापूसची कलमं होती. नोकरी संपल्यावर त्यांच्या सुक्या फांद्या आपल्या हाताने छाटायच्या, गड्याच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही, एवढीच त्याची हौस.

"खोक्यात ती गेली तर मी विमानात बसणार नाय," त्याची बायको मैमुनाबी म्हणाली. "खांदा बघा आपला. सकाळी सदरा कोण चढवतं तुम्हाला?"

"खांद्याचा काय संबंध? कापते ती साखळी."

दुबईच्या ऑफिसात मीटिंगा घेणाऱ्या वासिफने, त्यांच्या मुलाने, तोड काढली. "अब्बा, इमोशनल नको. प्रॉपर ट्रायल घेऊ. पास झाली तर कार्गोत, फेल झाली तर खलास."

शुक्रवारी सकाळी तिघं नर्सरीत गेले. वासिफने उत्साहाने खजुरीचा ओंडका ओढत आणला.

"तो सोड," हमीद म्हणाला. "खजुरीत लाकूड कुठलं, नुसता काथ्या. साखळीत गुंतून बसेल. तो आडवा पडलेला कडुनिंब बघ."

करवत जमिनीवर ठेवून त्याने मागच्या मुठीत पाय रोवला, चोक ओढला आणि दोरीला हात घातला. दोरी अर्धी आली आणि सुळकन परत गेली. दुसऱ्यांदा त्याहून कमी आली. खांद्यात कळ उठली, ती त्याने ओठांत दाबली.

"थंड पडलीय," तो म्हणाला.

"अब्बा, इथे चाळीस डिग्री आहे."

मग वासिफने दोरी ओढली, एकदा नाही, दणादण. करवत खोकली नाही की शिंकली नाही. पेट्रोलचा वास तेवढा सुटला.

"फेल," वासिफ हळूच म्हणाला.

हमीद ओंडक्यावर बसला. करवतीकडे बघवेना, म्हणून रोपांकडे बघत राहिला. मैमुनाबीने थर्मास खाली ठेवला, ओढणी कमरेला खोचली आणि पुढे आली.

"यल्ला, सरक रे वासिफ. चोक ओढलेला ठेवून हिसके मारलेस, पेट्रोल जास्त जाऊन ओव्हर झाली ती. चोक आत ढकल." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही पाय ठेवा."

"तुला कोणी शिकवलं?"

"इतकी वर्षं सुट्टीच्या दिवशी इथे तुमच्या शेजारी बसून मी काय फक्त चहा ओतला?"

तिने दोरी आधी हळू ओढून अडकते कुठे ते पाहिलं, मग झटका दिला. पुन्हा दिला. तिसऱ्याला करवत धूर ओकत गरजली, आणि नर्सरीतले होले भर्रकन उडाले.

हमीदने ती उचलली. हात कोपरातून वाकलेलेच राहिले, खांद्याला काही करावं लागलं नाही. त्याने जोर लावला नाही. तिच्या वजनाने तिला निंबात उतरू दिलं. फांदी पडल्यावर त्याने भुशाची मूठ वासिफपुढे धरली. "बघ, पीठ नाय, कपचे आहेत. धार शाबूत आहे. थोडी डावीकडे ओढते, तेलही गळतं. पण कापते."

"म्हणजे पास!"

हमीदने करवत बंद केली. "ती पास. मी नापास. दोरी ओढवत नाय मला. दे कुणाला तरी."

मैमुनाबीने नाकावरचा घाम पुसला. "अवो, गावात मी काय पाहुणी म्हणून येतेय? चालू मी करीन, कापा तुम्ही. फक्त झाडावर चढायचं नाय. जमिनीवरून हाताला लागेल तेवढंच."

"आणि तू तुझ्या बहिणीकडे गेलीस तर?"

"तर करवतीला सुट्टी."

हमीदला हसू आलं, आणि डोळे पुसायला त्याने वासिफकडे पाठ केली. कार्गोवाले पेट्रोल भरलेलं यंत्र घेत नाहीत, म्हणून तो टाकीचं झाकण उघडायला वाकला. तिने त्याचा हात धरला.

"थांबा जरा. आणखी एकदा ओढून बघते."