कोरड्या ओढ्यावर मी थांबले नाही

मी मेंढी बोलतेय. शुभेच्छापत्रावर असते तसली गोंडस नव्हे. लोकरीत काटे अडकलेली, डाव्या कानाचं टोक छाटलेली डोंगरी मेंढी. हा कान पाहून लानइथेलमधलं शेंबडं पोरही सांगेल, ही मैरिग म्हाताऱ्याची.

लानइथेल म्हणजे वेल्सच्या डोंगरातलं एक चर्च, त्याचं कबरींचं गोल आवार, चर्चपेक्षा म्हातारं यूचं झाड आणि चहूबाजूंनी चढत गेलेलं गवत. चर्च एक, प्रार्थनाघरं मात्र दोन. शंभर वर्षांपूर्वी बाप्तिस्म्याला पाणी शिंपडायचं की माणसाला बुडवायचं यावरून भांडण झालं होतं. आज एकात चार म्हातारे बसतात, दुसऱ्यात तीन. दोन्हीकडची छपरं गळतात, त्यामुळे पाणी आपोआप शिंपडलं जातं. तरी एकत्र बसतील तर शपथ.

मी एप्रिलमध्ये एका घळीत जन्मले, वरून गारा पडत होत्या. आईने चाटून उभं केलं आणि लगेच चरायला लागली. शिकवणं वगैरे काही नाही. ती जिथून वळेल तिथून मीही वळायचं. आमच्या डोंगरावर ना कुंपण, ना भिंत. हद्द असते ती आयांच्या पायांत. म्हणून इथे शेत विकलं तर मेंढ्याही शेताबरोबरच जातात. नव्या आणल्या तर आठवड्याभरात त्या भलत्याच खोऱ्यात सापडतात.

आमच्या आयांनी खूप पाहिलंय. शिशाची खाण आली आणि गेली. तिच्या पडक्या भिंतीआड आम्ही वारा चुकवतो. उन्हाळ्यात गुरं घेऊन राहायच्या वरच्या घरांचे नुसते चौथरे उरलेत, दारातली रोवनची झाडं मात्र अजून लाल फळं धरतात. तिथली माणसं काही कोळशाच्या खाणींकडे गेली, काही समुद्रापलीकडे आणि उरलेली यूच्या झाडाखाली. आम्ही राहिलो. चर्चच्या जुन्या वह्यांत आमचं नाव नाही, पण ज्यांची नावं आहेत त्यांच्या दारात आज आम्हीच चरतो.

आता भांडणाचं सांगते. मैरिग आणि शेजारची टेगवेन यांच्या चराईची हद्द म्हणजे एक ओढा. अकरा वर्षांपूर्वी पूर आला आणि ओढ्याने जागा बदलली, जुनं पात्र कोरडं पडलं. टेगवेनच्या बाजूला शंभर पावलं सरकला. मैरिग म्हणायचा, "ओढा हीच हद्द. तो जाईल तिथे ती." टेगवेनला राग आला, म्हणून तीही अडून बसली की हद्द कोरड्या पात्राच्याही अलीकडे, आमच्या बाजूच्या दगडांच्या राशीपर्यंत आहे. दोघंही खोटं बोलत होते, आणि दोघांनाही ते माहीत होतं. शेवटी चराई समितीचा माणूस म्हणाला, जुलैत ठरवा, ठरेल तिथे मी तारेचं कुंपण घालून टाकतो.

राशीवरून तार गेली असती तर आमची घळ गेली असती. बर्फाच्या वादळात आम्ही साठजणी तिथेच एकमेकींना चिकटून जगतो. पण हे या दोन म्हाताऱ्यांच्या डोक्यात येईल तर ना!

लोकर कातरणीला इकडे सगळे एकमेकांकडे मदतीला जातात, भांडण असलं तरी. टेगवेन आली आणि मैरिगच्या मेंढ्यांची लोकर गुंडाळायला बसली. बोलणं मात्र कुत्र्यामार्फत.

"मॉट, तुझ्या मालकाला सांग, चहात साखर नाही. मनात तर नाहीच नाही."

"मॉट, बाईंना सांग, साखर तळाशी आहे. चमचा फिरवावा लागतो, नुसती जीभ फिरवून चालत नाही."

मैरिगची नात नेस्त वैतागली. कॉलेज अर्ध्यात सोडून आलेली ही पोरगी. म्हातारे तिला वाया गेलेली म्हणतात. मला तिचं पटतं.

"आजोबा, टेगवेनमावशी, त्या बिचाऱ्या कुत्र्याला सोडा आता," ती म्हणाली. "उद्या दोन्हीकडच्या मेंढ्या वर सोडू. त्या थांबतील ती हद्द. मंजूर?"

कातरणीला आलेला समितीचा माणूस हसला, पण मान डोलावली. म्हाताऱ्यांना नाही म्हणता येईना.

सकाळी आम्हाला सोडलं. नव्याने कातरलेलं अंग, वारा गार, पाय हलके. आई पुढे, बाकीच्या मागे. रास ओलांडली, घळ ओलांडली. टेगवेनचा चेहरा पडला. कोरड्या पात्राशी आई थांबली, खाली मान घालून चरू लागली. साठजणी थांबल्या. पलीकडून टेगवेनच्या मेंढ्या आल्या आणि तशाच थांबल्या.

आणि मला वास आला. पेंडीच्या गोळ्यांचा, मळीचा गोड वास, पात्राच्या पलीकडून. आई मागून ओरडली. मी म्हटलं, तू बस तुझी हद्द सांभाळत. सरळ पलीकडे गेले आणि नेच्यांच्या झुडपात तोंड खुपसलं.

"गेली! पाहिलंत?" मैरिग ओरडला. "माझी मेंढी ओढ्याकडे चालली!"

नेस्त माझ्यामागे धावत आली. तिने नेचे बाजूला केले आणि अर्धं पोतं वर उचललं.

"आजोबा, हे काय?"

मैरिग टोपी काढून तिच्यातच बघत बसला. समितीच्या माणसाने तोंड फिरवलं. टेगवेन इतकी हसली की तिला खडकावर बसावं लागलं.

"मैरिग, मेल्या," ती म्हणाली. त्याला, कुत्र्याला नव्हे. "साठ मेंढ्या तुझ्या, आणि फसली एकच! तीही बिनडोक!"

"तुझ्या त्या राशीवर तर एकही थांबली नाही," तो पुटपुटला.

"नाही थांबली." तिने डोळे पुसले. "मला ठाऊकच होतं."

हद्द ठरली, कोरडं पात्र. नेस्तने समितीच्या माणसाला तिथेच बजावलं: तार घालू नका, तार असली तर पुढची कोकरं आईकडे बघणार नाहीत, तारेकडे बघतील. त्याने ऐकलं.

बिनडोक तर बिनडोक, गोळ्या मी खाल्ल्या. आई आता वय उताराला लागल्यावर खालच्या मऊ कुरणात गेलीय. म्हाताऱ्या मेंढ्यांना इथला हिवाळा झेपत नाही. तिची जागा माझ्याकडे आली. यंदा मला एक कोकरू झालंय, त्याच घळीत. ते मला काही विचारत नाही, मी काही सांगत नाही. मी वळते, ते वळतं. गवत बरं आहे, वारा बरा आहे, मला अजून काय हवंय?

एवढंच मागते: गावाचा इतिहास लिहायला कोणी आलात तर म्हाताऱ्यांच्या घरी चहा जरूर प्या, पण हद्द त्यांना विचारू नका. वर या आणि शांत बसा. आम्ही चरत असतो.