तिसरी चूल

"पुरुषांनी उंबऱ्याच्या आत यायचं नाही," नाचिसाले आजी चुलीत फुंकर मारता मारता म्हणाल्या. "नियम आहे. बाहेर भिंतीवर लिहिलेत सगळे, जा वाच."

जायलोसीने सायकल आंब्याला टेकवली आणि नुकत्या फुटलेल्या उजेडात खरोखरच वाचायला लागला. शाळेच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर निळ्या रंगात घरच्यांसाठीचे सात नियम होते. मूल सातच्या आत फाटकात हवं. नखं कापलेली हवीत. सोमवारी प्रत्येकाने सरपणाचं एक लाकूड आणायचं. स्वतःचा कप नसेल त्याला लापशी नाही. आणि पाचवा, ज्याच्यामुळे त्याची आठवडाभर झोप उडाली होती: प्रत्येक घरच्या आईने महिन्यातून एक दिवस लापशी रांधायला यायचं, लागोपाठ तीन खेपा चुकल्या तर त्या घरच्या मुलाचं नाव सत्र संपेपर्यंत लापशीच्या यादीतून कमी.

"उंबऱ्याचं काही लिहिलेलं नाहीये, आजी."

"लिहायची कधी गरजच पडली नाही," आजी म्हणाल्या.

आत एनिफा नावाची तरुण बाई पाणी ओतत होती, ती फिस्सकन हसली. जायलोसी हसला नाही. त्याच्या घरच्या दोन खेपा चुकल्या होत्या आणि आजची तिसरी होती.

त्याची बायको एलुबी मागच्या पावसात तापाने गेली. त्यानंतर शेजारच्या फालेसीने काही महिने तिची खेप सांभाळली. मग फालेसीची लेक बाळंत झाली आणि ती गेली तिच्याकडे लिलाँग्वेला. जायलोसीचा धंदा सायकलचा. मागच्या गादीवर माणूस बसवायचा, त्याच्या मांडीवर बटाट्याचं पोतं, आणि बाजाराचा चढ चढायचा. गिऱ्हाईक मिळायचं ते भल्या पहाटे, त्यामुळे सकाळी घरात चूल पेटतच नसे. त्याची नऊ वर्षांची तियामिके दुपारपर्यंत जगायची ती शाळेतल्या कपभर लापशीवर. तिचं नाव कमी होणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"सरपण आणतो म्हणालो, नाही म्हणालात. पाणी भरतो म्हणालो, तेही नाही."

"अरे, सरपण आणायला सगळे तयार असतात!" आजी उठून दारात आल्या. लापशीच्या कमिटीच्या त्या प्रमुख, आणि ठेंगण्या असल्या तरी हेडमास्तरसुद्धा त्यांच्याशी जपूनच बोलत. "मला काय हौस आहे का पोरांची नावं खोडायची? गेल्या वर्षी मी एकेकाची सबब ऐकत बसले. कुणाची सासू आजारी, कुणाची शेळी. शेवटी पाचशे पोरांची लापशी दोघी बायका ढवळत होत्या, आणि त्यातली एक चुलीपाशी भोवळ येऊन पडली. तिचा हात अजून सरळ होत नाही. म्हणून नियम."

"मी सबब घेऊन नाही आलो, आजी. मी आलोय."

आजींनी मागे वळून पाहिलं. तीन चुलींपैकी दोनच पेटल्या होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "पण वहीत खूण करीन असं समजू नकोस. नियमात आई लिहिलंय."

तिसऱ्या चुलीवर हंडा चढला. हंडा कसला, त्यात अख्खी तियामिके सहज बसली असती. शेजारी वल्ह्याएवढा लाकडी डाव होता. जायलोसीला वाटलं, यात काय मोठंसं! एलुबी गेल्यापासून रात्रीचा न्सिमा तोच शिजवत होता. पाणी उकळायचं आणि त्यात मक्याचं पीठ मुठीमुठीने टाकून घट्ट करायचं. इथेही पाण्याला उकळी फुटली. आजी बाहेर लाकडं मोजत होत्या. भल्या माणसाने कुणाला न विचारता आपल्या वाट्याची पिठाची अर्धी गोणी उकळत्या पाण्यात रिकामी केली.

एनिफाने कपाळावर हात मारला. "अहो भाऊ! आधी गार पाण्यात कालवायचं असतं ना!"

हंड्यात मुठीएवढ्या गुठळ्या तरंगत होत्या. एक फोडली तर आत कोरडं पीठ. आजी धावत आल्या आणि हंड्यात डोकावल्या. कोठीची किल्ली हेडमास्तरांकडे, आणि ते रोज मोजून पीठ काढून ठेवत. जास्तीचं पीठ मिळणार नव्हतं. दीडशे पोरांची लापशी त्या हंड्यात होती.

"म्हणून पुरुष नको म्हणत होते मी," आजी हळूच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

जायलोसीचे कान तापले. सायकल उचलावी आणि उतारावरून थेट बाजार गाठावा असं त्याला मनापासून वाटलं. तियामिकेने तर आदल्या दिवशीच बजावलं होतं, "बाबा, तुम्ही नका ना जाऊ. सगळे हसतील." पण गेला तर तिसरी खेप चुकलीच. त्याने शर्ट काढून खुंटीला लावला, डाव दोन्ही हातांनी धरला आणि गुठळ्या हंड्याच्या कडेवर दाबून फोडायला सुरुवात केली.

बायका हे काम पाळीपाळीने करत. थोडं ढवळायचं, मग दुसरीने यायचं. हा बाजूला व्हायलाच तयार नाही. घाम डोळ्यांत उतरला, धुराने नाक वाहायला लागलं.

"भाऊ, बसा की जरा," एनिफा म्हणाली. "चढ संपला."

"गिऱ्हाईक अजून उतरलं नाही," तो म्हणाला, आणि या खेपेला आजीसुद्धा हसल्या.

मग एनिफा आपणहून सांगायला लागली. "याच चुलीवर असायची हो एलुबीताई. धूर इकडेच येतो म्हणून कुणी इथे उभं राहत नाही. ती म्हणायची, मला चालतं, माझा नवरा रोज लोकांच्या ट्रकांचा धूर खातो."

जायलोसीचा हात क्षणभर थांबला. धुराचा वास घेऊन घरी येणारी एलुबी त्याने कितीदा पाहिली होती. आज काय केलंस, असं मात्र एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. ती लपवायला तो शर्टाने तोंड पुसण्यासाठी खुंटीकडे वळला, आणि शर्टाच्या मागे, दाराआडच्या खिळ्याला, एक कप लटकलेला दिसला. निळा, कडेचा टवका उडालेला.

हा कप त्यांच्या घरातला होता. दोन वर्षांपूर्वी तो हरवला तेव्हा जायलोसीने दोन दिवस अबोला धरला होता. "घरातल्या वस्तू तुला सांभाळता येत नाहीत," असंही बोलून गेला होता. एलुबी काही बोलली नव्हती.

"हा इथे कसा?"

एनिफाने आजींकडे पाहिलं. आजींनी लाकडं पुन्हा एकदा मोजायला घेतली.

"कप विसरलेल्या पोरासाठी," एनिफा पुटपुटली. "नियमात बसत नाही ते. एलुबीताईच द्यायची गुपचूप. ती गेल्यावर आम्ही कुणी हात लावला नाही."

साडेसहाला पोरांची रांग लागली. बारीक काही गुठळ्या शेवटपर्यंत हटल्या नाहीत. पहिल्याच मुलीने कपात बोट घालून एक बाहेर काढली आणि किंचाळली, "मासा! माझ्या लापशीत मासा!" झालं. पोरं बाकीच्या दोन रांगा सोडून जायलोसीपुढे जमली. "काका, मला दोन मासे!" "मला मोठा!" त्याचा जीव भांड्यात पडला.

तियामिके आली ती मान खाली घालून. कप पुढे केला, हळूच वर बघितलं आणि म्हणाली, "बाबा, नाकाला काळं लागलंय." एवढंच. पण कप घेऊन ती लांब गेली नाही, तिथेच भिंतीला टेकून प्यायली.

सगळ्यात शेवटी एक चिमुरडी आली, दोन्ही हात पाठीमागे बांधून. कप नव्हता. भिंतीवर काय लिहिलंय ते तिलाही पाठ असावं, कारण तिने काही मागितलं नाही, नुसती उभी राहिली. जायलोसीने दाराआडून निळा कप काढला, धुतला आणि काठोकाठ भरून तिच्या हातात दिला. आजींची पाठ त्याच्याकडे होती. ती पाठ बराच वेळ तशीच राहिली.

लापशीनंतर घंटेआधी पोरं आंब्याखाली बसत आणि आजी वहीतून त्या दिवशी रांधणाऱ्यांची नावं वाचत. वहीत कुठल्याच बाईचं स्वतःचं नाव नाही. अमक्याची आई असंच पुकारतात. बाई "आहे" म्हणते, पोरं तीन टाळ्या वाजवतात, वहीत बरोबरची खूण होते. गेल्या दोन महिन्यांत एका नावापाशी कुणीच बोललं नव्हतं आणि आजींनी फुली मारली होती.

जायलोसी एनिफाशेजारी उभा राहिला. शर्टाची बटणं त्याने गळ्यापर्यंत लावली होती. त्याचं नाव वहीत नव्हतंच, तेव्हा आजी काय करतील ते त्याला कळेना. तियामिके पहिल्या रांगेत गुडघे घट्ट धरून बसली होती.

"चिकुमबुत्सोची आई?"

"आहे," एनिफा म्हणाली. तीन टाळ्या.

आजींनी पेन्सिल वहीवर टेकवली आणि तशीच धरून ठेवली. शेजारी उभे असलेले हेडमास्तर काहीतरी सुचवायला वाकले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. मग मान वर करून, थेट जायलोसीकडे बघत, रोजच्याच आवाजात त्यांनी विचारलं,

"तियामिकेची आई?"

कुणी हसलं नाही.

"आहे," जायलोसी म्हणाला.

पोरांनी तीन टाळ्या वाजवल्या. एक जास्त नाही, एक कमी नाही. आजींनी खूण केली आणि वही मिटली.