चुना न लावलेलं मडकं

माडावर चढण्याआधी दयाराम भंडारी खालून हाळी द्यायचा, "चढतोय हो माडावर!" शेंड्यावरून किहीममधली अर्धी परसदारं उघडी दिसतात. न्हाणाऱ्या बायकांना सावरायला वेळ मिळावा, म्हणून ही रीत. त्या सकाळी त्यानं हाळी दिली नाही. विहिरीवर त्याची बायको केसर धुणं धूत होती आणि वरून तिच्या बादलीत नारळाचं एक बारकं बोंड टाकायचा त्याचा बेत होता.

बोंड हातात धरून खाली बघतो तर पोफळींमागं त्याचा भाचा सदू. लघवीला उभा. एका हातानं पोफळ गच्च धरलेली, पंचाचा बोळा दातांत, डोळ्यांत पाणी. दयाराम बोंड टाकायचंच विसरला.

तो उतरला तर सदू पेला घेऊन माडाखाली हजर. पोरगा मुंबईच्या गोदीत कामाला. लग्नाला नऊ दिवस राहिलेले, म्हणून गावी आलेला, आणि आल्यापासून रोज नीरा मागत होता.

"मामा, गार द्या. पोटात उष्णता झालीय."

"पोटात? मला वरनं जरा खाली दिसली."

सदूचं तोंड उतरलं. "हाळी न्हाय दिलीत तुमी!"

"दिली असती तर आग थांबली असती व्हय?"

लघवीची जळजळ नीरेनं जाते, असं दयारामच गावाला सांगायचा. गेल्या साली मोरूला त्यानं हेच पाजलं, त्याआधी हरेश्वरला. दोघंही मुंबईहून आलेले, आणि बरं कोणालाच वाटलं नव्हतं. आज मात्र त्याच्या डोक्यात किडा वळवळला. हे तिघंही मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याच्याकडं चोरून ताडी प्यायचे. गावातलाच अनंता सदूबरोबर त्याच गोदीत कामाला, त्याच खोलीत राहतो. त्यानं विशीपर्यंत थेंब चाखला नव्हता. तो ठणठणीत. असं का?

"सदू, खरं सांग. कुठं गेला होतास?"

"अड्ड्यावर बसलो होतो. मग सगळे उठले, मीपण उठलो. कुठल्या बाईचा जिना चढलो ते सकाळी कळलं." सदू पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत होता. "शुद्धीत असतो तर पायरी चढलो नसतो, मामा."

"पण प्यायला शिकवलं कोणी तुला?"

सदूनं मान वर केली. "तुमीच की. शिमग्याला."

दयारामला आठवलं. मडक्याला आतून चुना लावला की नीरा गोड राहते, न लावला की आंबून ताडी होते. सरकारी परवाना फक्त नीरेचा. बारा वर्षांच्या सदूनं नीरा मागितली आणि यानं गंमत म्हणून बिनचुन्याचं मडकं पुढं केलं. पोरगं होळीभोवती हेलपाटत नाचलं तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसला होता तो दयारामच. आता हसू येईना.

त्याच दुपारी दोघं एस.टी.नं अलिबागला डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी तपासलं, परमा आहे, संगानं लागणारा गुप्तरोग, म्हणाले आणि पेनिसिलिन टोचलं. दयारामला राहवेना.

"डॉक्टरसायेब, दारू जाते पोटात. मग दुखणं तिथं कसं?"

"दारू रोग देत नाही. डोक्यातला राखणदार झोपवते," डॉक्टर म्हणाले. "कोवळ्या वयात सवय लागली की तो नीट जागाच होत नसावा, असा आपला माझा अंदाज. या दुखण्याचा माणूस आला की मी विचारतो, पहिला पेला कितव्या वर्षी?"

"बाराव्या," सदू पुटपुटला. दयारामनं खिडकीबाहेर बघितलं.

"पुन्हा तपासून मी बरा म्हणेपर्यंत लग्न नाही. मुलीला लागण होईल आणि तिला कळणारही नाही. पुढं बाळाचे डोळे जाऊ शकतात."

पण लग्न पुढं ढकलल्याचं गावाला कारण सांगायचं काय? दयारामनं डोकं चालवलं. दुसऱ्या दिवशी तो माडावरून पडला, म्हणजे दीड हातावरून, भरपूर ओरडून. पायाला बांबूच्या कांबी बांधून ओट्यावर आडवा झाला. मंगलाष्टकांना नवऱ्यामागं मामा उभा पाहिजे, सदूला मामा हा एकच. तारीख पुढं गेली.

तिसऱ्या दिवशी नवरी आली. जनी. हातात पाय मोडलेल्या मामासाठी चार अंडी. तिनं ती ठेवली आणि कांबीवर टिचकी मारली.

दयाराम जरा उशिरा ओरडला.

"मामा," जनी म्हणाली, "आजारी कोन हाय? तुमी का आत बसलेत ते?"

जन्मभर गावाला बनवणारा दयाराम पायाच्या कांबी सोडायला लागला. त्यानं आत हाक मारली, "सदू, बाहेर ये. सांग तिला."

सदूनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जनी रडली नाही.

"कितव्या पेल्याला विसरलात मला?"

सदू बोटं मोजू लागला. दोन बोटं दुमडली, तिसऱ्यावर अडखळला. "आठवत न्हाय."

"मग आठवा. आनि त्या डॉक्टरकडं पुढच्या खेपेला मीपन येनार. बरे झालात हे त्यांच्या तोंडून ऐकीन, मग बघू तारखेचं." ती दयारामकडं वळली. "त्याला ताडी कोनी शिकवली, मामा?"

"मी," दयाराम म्हणाला.

"का?"

"गंमत म्हणून."

जनीनं चारांतली दोन अंडी उचलली आणि सदूच्या हातात दिली. "ही तुमाला," ती म्हणाली. मग दयारामच्या वाटची उरलेली दोन पदरात घेऊन घरी निघून गेली.