जाहिराती वगळून

कीर्तनाची कॅसेट करावी तर देवदत्त जोगळेकरांनीच, असं शारजातली मराठी मंडळी म्हणत. त्यांच्या घरी दोन व्हीसीआर. टीव्हीवर कीर्तन लागलं की हे बटणावर बोट ठेवून बसत, आणि जाहिरात आली रे आली की रेकॉर्डिंग थांबवत. पूर्वरंग आणि उत्तररंगाच्या मध्ये साबण शिरलेला त्यांना खपत नसे.

त्यांचा हा लौकिक ऐकूनच खालच्या मजल्यावरच्या नोराबाईंनी, शाळेत शिकवणाऱ्या आयरिश विधवेनं, आपली जुनी कॅसेट त्यांच्याकडे दिली. पंधरा वर्षांपूर्वीची, आयर्लंडच्या टीव्हीवरची कसलीशी मालिका. चित्र थरथरतंय, नवी प्रत करून द्या, जुनी तुम्हीच वापरा, म्हणाल्या. देवदत्तांनी दोन संध्याकाळी खपून मालिका उतरवली. मध्ये येणारा चहा, लोणी, कोळसा, धुण्याची पावडर, सगळं गाळलं. जुन्या कॅसेटवर पुण्याच्या एका बुवांचं कीर्तन घेतलं आणि शुक्रवारी नवी प्रत घेऊन खाली गेले.

"एकसुद्धा जाहिरात राहू दिली नाही," ते कौतुकाच्या आशेनं म्हणाले.

नोराबाईंचा रिमोटवरचा हात थांबला. मालिकेचं काही नव्हतंच हो, असं त्या हळूच म्हणाल्या. पावडरच्या जाहिरातीत त्यांचा नवरा, डेस, होता. दोरीवर शर्ट वाळत घालतो, वाऱ्यानं शर्ट तोंडावर येतो, तो हसतो. अकरा सेकंद. हलता-हसता डेस जगात तेवढाच उरला होता.

"असू दे. जुनी कॅसेट आहे ना?"

खरं अगदी ओठांवर आलं होतं. पण तुमच्या नवऱ्यावर मी देवाचं नाव चढवलंय, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"फेकली," ते म्हणाले. "कचऱ्याची गाडी घेऊन गेली."

नोराबाईंनी उलट त्यांचीच समजूत काढली. आधी सांगायला हवं होतं, चूक माझीच, म्हणत चहा केला.

देवदत्त वर आले तर बैठक भरलेली, आणि पत्नीनं, अनुराधानं, नेमकी तीच कॅसेट लावलेली. बुवा रंगात होते.

"देवदत्तराव, कुठे खंड नाही," शेजारचे राजन म्हणाले. "हात सोन्याचे आहेत तुमचे."

देवदत्तांनी उठून कॅसेट बाहेर काढली. बुवांचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. कोणालाही काही न सांगता ते जिना उतरले.

"मी खोटं बोललो," त्यांनी दारातच सांगितलं. "कॅसेट ही. यावर मी आमचं कीर्तन घेतलंय. शेवटी काही उरलं असेल तर बघा."

नोराबाईंनी त्यांना बसायला सांगितलं, टेप मागे नेऊन लावली. पुढे पळवा, असं ते दोनदा म्हणाले. त्यांनी पळवली नाही. तुमच्या देवाचं आहे, म्हणाल्या, आणि तासभर हात जुळवून बसल्या. कीर्तन संपलं. पडद्यावर मुंग्या, मग एक हिरवं कुरण, एक गाय, पावावर फासलेलं लोणी. टेप संपली. डेस आला नाही.

मग नोराबाईंनी विचारलं, "तो माणूस मध्येच सगळ्यांना हसवत होता. काय म्हणाला तो?"

एरवी वाटेवर भेटेल त्याला निरूपण सांगणारे देवदत्त खाली मान घालून बसून राहिले.