दुधी काच

रमाबाईंनी खोबरेलात बुडवलेला बोळा कपाटाच्या दारावर फिरवला. दुधी काच जिथे तेलकट झाली, तिथे आतलं दिसू लागलं. आधी टाय, मग कोटाची कॉलर, मग चष्मा.

“आई, काय करतेयस? तासाभरात वर्मासाहेब येतील!”

“म्हणून तर घाई चाललीय.”

समाधान मटकन खुर्चीत बसला. मॅनेजरची जागा वर्मासाहेबांच्या हातात होती. जपान्यांशी भागीदारी झाल्यापासून कंपनीत सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाका मारत. पूर्ण नाव मात्र चौकशी करून घेत. सुदैवाने नागपूरकडच्या आडनावावरून नोएडात कुणाला काही कळत नसे. बाबासाहेबांच्या फोटोवरून सगळंच कळलं असतं. फोटो काढ, असं आईला सांगायची त्याची छाती नव्हती. म्हणून तिने पसंत केलेली साधी काच काढून त्याने दुधी बसवली. सुताराने खरबरीत बाजू बाहेर ठेवली, आणि आज सकाळी भजी तळताना रमाबाईंचं तेलकट बोट तिला लागलं, तेवढ्या जागेतून आतलं दिसलं.

“दुधी काचेत धूळ दिसत नाही, असं तूच म्हणालास ना?”

“हो, मग?”

“माझ्या घरात धूळ नाही. दिसू दे.”

“पुसून टाक, प्लीज. एकच दिवस.”

“नागपूरहून मांडीवर आणलाय मी तो. रात्रभर खाली ठेवला नाही. तुझी मॅनेजरकी तू घे मांडीवर.”

बेल वाजली. पाहुणे येऊन बसले तरी समाधान कपाटाला पाठ लावून उभाच. हॉलभर खोबरेलाचा, न्हाणीघरासारखा वास. जपानी लोक वेळ कशी पाळतात, यावर तो पंधरा मिनिटं बोलला.

“समाधान, ज़रा हटना,” वर्मासाहेब म्हणाले.

तो हटला. त्याच्या शर्टावर तेलाचा मोठा डाग पडला होता. वर्मासाहेब उठून काचेपाशी गेले. मिसेस वर्मांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग हातातल्या बशीकडे.

“हमारे यहाँ भी हैं,” ते अगदी हळू म्हणाले. “बेडरूम में. लकड़ी की अलमारी के अंदर.”

रमाबाईंनी त्यांच्या बशीत आणखी दोन भजी वाढली.

“तो काच लगवा लो ना,” त्या म्हणाल्या. “साफवाली.”